दवाखान्यातला अ‍ॅम्प: ब्लूजसाठी केलेल्या एका निवडीचं प्रकरण

गेल्या वर्षी जानेवारीत मावसभावाचा फोन आला. तो इलेक्ट्रिक गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत, वाजवतो, आणि गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, म्हणजे अ‍ॅम्प, शोधत होता. "दादा, ट्यूब अ‍ॅम्प मिळतोय, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा. चाळीस वॉटचा, सेकंडहँड, ५२ हजार म्हणतोय. मालक परदेशी चाललाय, दोन दिवसांत सांगायचंय. घेऊन टाकू का?"

मी विचारलं, "वाजवणार कुठे?"

"म्हणजे? घरी, जॅमरूममध्ये, गिगला. सगळीकडेच."

घर, बँडच्या सरावाची जॅमरूम आणि गिग म्हणजे कार्यक्रम, या 'सगळीकडे'तच सगळं प्रकरण होतं. पुढचे दोन महिने आम्ही त्या एका शब्दाची फोड करत बसलो. गिटारवर ब्लूज वाजवणारी बरीच मंडळी याच वळणावर अडकतात. पैसे साठलेले असतात, मनात एखाद्या थोर वादकाचा आवाज घुमत असतो, आणि समोर जाहिरातींची रांग असते. म्हणून हा प्रवास, त्यातल्या चुकांसकट, सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी माणसाची ओळख. मावसभाऊ पुण्यात दातांचा डॉक्टर आहे. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली हार्डवेअरचं दुकान. घर सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर खालच्या घरात दोन वर्षांचं मूल. गिटार बारा वर्षं वाजवतोय, ब्लूज त्यातली शेवटची सहा-सात. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. तिथे एका वर्षी त्याने शिकागोचे ब्लूज गिटारवादक बडी गाय यांना समोर उभं राहून ऐकलं आणि त्याचं सगळं वाजवणंच बदललं. गिटार मेक्सिकोत बनलेली स्ट्रॅटोकास्टर, तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग). चौघांचा बँड: ड्रम्स, बेस गिटार, हा, आणि गाता गाता माउथ ऑर्गन वाजवणारा एक मित्र. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका कॅफेत वाजवतात, साठ-पासष्ट माणसं बसतील एवढी जागा. तिथला पीए, म्हणजे श्रोत्यांसाठीची ध्वनियंत्रणा, गाण्यापुरता. गिटारला माइक मिळेलच असं नाही.

आजवर त्याच्याकडे दहा वॉटचा, साडेसहा इंची स्पीकरचा लहानसा प्रॅक्टिस अ‍ॅम्प होता. गिगला तो ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज खरखरीत करणारी पायाखालची डबी) लावून कॅफेतल्या कीबोर्डच्या अ‍ॅम्पमध्ये घुसायचा. मी एकदा ऐकायला गेलो होतो. गिटार ऐकू येत होती, पण हलकं वाजवलं काय आणि जोरात वाजवलं काय, आवाज एकाच चेहऱ्याने बाहेर येत होता.

ब्लूजमध्ये हे फार खटकतं. गायक एक ओळ म्हणतो आणि गिटार तिला उत्तर देते, ही या संगीताची जुनी रीत आहे. ते उत्तर कधी कानात सांगितल्यासारखं असतं, तर कधी दार आपटल्यासारखं. आणि हा फरक वादकाला उजव्या हाताने, त्या क्षणी, पेडल न दाबता करता आला पाहिजे. शिवाय ब्लूजचा जीव ताणलेल्या सुरात आहे. 'ए' सुरात वाजवताना तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा 'सी' म्हणजे आपला कोमल गंधार. तो जेमतेम पाव स्वर वर ओढून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी सोडायचा. आपल्या कानाला मींड ओळखीची असल्यामुळे त्या जागेची गोडी लगेच कळते. पण असा सूर जरा वेळ टिकला, तरच ओढण्यात अर्थ. टिकण्यासाठी अ‍ॅम्पने त्याला किंचित दाबून धरावं लागतं.

हे दाबून धरणं ट्यूब अ‍ॅम्पमध्ये कसं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. ट्यूबला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल आला की लाटेचे शेंडे हळूहळू चपटे होतात. मूळ सुरात वरचे स्वरांश मिसळतात, आवाज दाट होतो, खरखर येते. गिटारवाले याला ब्रेकअप म्हणतात, मी 'आवाज फुटणं' म्हणतो. फुटायच्या आधीची जी स्वच्छ जागा, ती हेडरूम. ब्लूज वाजवणाऱ्याला बरोबर या दोघांच्या सीमेवर उभं राहायचं असतं: हलका हात स्वच्छ, जड हात फुटका. अडचण अशी की मोठ्या अ‍ॅम्पमध्ये ही सीमा मोठ्या आवाजावर येते आणि लहान अ‍ॅम्पमध्ये लहान आवाजावर. म्हणजे अ‍ॅम्प निवडणं ही खरं तर ती सीमा कोणत्या आवाजावर हवी, याची निवड आहे.

इतिहासही हेच सांगतो. ब्लूजचे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आले. तिथल्या गोंगाटाच्या बारमध्ये साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार धरली. त्या काळातले अ‍ॅम्प लहान होते. ड्रम्सशी टक्कर द्यायची तर ते पूर्ण पिळावे लागत, आणि पिळले की फुटत. शिकागो ब्लूजचा तो खरखरीत आवाज असा गरजेतून आला. पुढे कॅलिफोर्नियात फेंडर कंपनीने बेस गिटारसाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प काढला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीचं त्याचं रूप, चार दहा इंची स्पीकर आणि साधारण ४५ वॉटचं, बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच उचललं. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी त्याच बासमनच्या सर्किटवरून जेटीएम४५ बनवला. त्याच कुळातला, दोन बारा इंची स्पीकरचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आणि लेस पॉल गिटार घेऊन ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर रेकॉर्डिंगला बसले. स्टुडिओच्या रिवाजाला न जुमानता अ‍ॅम्प मंचावर असतो तेवढाच मोठा ठेवला. आज त्या आवाजामागे धावणारे लोक अ‍ॅम्पचं मॉडेल शोधतात, पण तो किती मोठ्याने लावला होता हे विसरतात.

मावसभावाच्या मनात नेमका तोच आवाज होता. चाळीस वॉटची ओढ तिथूनच आलेली.

मी सुचवलं, विकत घेऊ नकोस, आधी एका गिगसाठी मागून बघ. मालक सज्जन होता, आगाऊ रक्कम ठेवून घेऊन त्याने अ‍ॅम्प दिला. दोन ६एल६ पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब), एक बारा इंची स्पीकर, वजन वीस किलोच्या आसपास. कॅफेच्या जिन्यावरून आम्ही दोघांनी मिळून चढवला. साउंडचेकला व्हॉल्यूम दोनवर ठेवला, तर टोन सुंदर, घंटेसारखा, पण अगदी स्वच्छ. फुटायचं नाव नाही. तीनवर नेला तेव्हा माउथ ऑर्गनवाल्याने वळून पाहिलं. चारच्या पुढे कुठेतरी तो फुटू लागला, आणि तिथे ड्रमर म्हणाला, "अरे, मलाच माझा स्नेअर ऐकू येत नाहीये." शेवटी दोनवर ठेवून, पुढे तेच जुनं पेडल लावून, त्याने सगळी संध्याकाळ काढली. ५२ हजारांचा ट्यूब अ‍ॅम्प, आणि फुटणं सगळं पेडलमधून. घरी जाताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. अ‍ॅम्प वाईट होता असं मुळीच नाही. मोठ्या मंचावर वाजवणाऱ्या माणसाला तो उत्तम होता. याच्या खोलीला तो जुळला नाही, एवढंच.

वॉटचा हिशेब

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. वॉट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. गिटारच्या चांगल्या बारा इंची स्पीकरची क्षमता साधारण ९८ डेसिबल धरू, एक वॉट दिला असता एक मीटरवर. मग ५ वॉटला १०५, १५ वॉटला ११०, २२ वॉटला सुमारे १११ आणि ४० वॉटला ११४ डेसिबल. पंधरा आणि चाळीसमधला फरक सव्वाचार डेसिबल! उघड्या ड्रम्सचा आवाज जवळून १०० ते ११० डेसिबलच्या घरात असतो, म्हणजे पंधरा वॉटचा अ‍ॅम्प ड्रमरला आरामात साथ देतो.

यातून दोन गोष्टी कळल्या. एक, मोठ्या आणि लहान अ‍ॅम्पमधला खरा फरक आवाजात कमी आणि हेडरूममध्ये जास्त आहे. दुसरी गोष्ट मावसभावाला आवडली नाही: घरी कोणताच ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या गोड जागेवर वाजवता येणार नाही. पाच वॉटचासुद्धा नाही. अर्धा वॉट दिला तरी एक मीटरवर ९५ डेसिबल होतात आणि आपण खोलीत बोलतो ते ६० च्या आसपास. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. नियम बाजूला ठेवला तरी खालच्या घरातलं मूल बाजूला ठेवता येत नाही.

मी म्हटलं, "घरासाठी तुझा जुना प्रॅक्टिस अ‍ॅम्प आणि हेडफोन. नवा अ‍ॅम्प घरासाठी घ्यायचाच नाही, असं ठरव."

"मग तो राहील कुठे?"

उत्तर त्याच्या बायकोने दिलं. "दवाखान्यात ठेव ना. साडेआठला हार्डवेअर बंद होतं, वर कोणीच नसतं."

आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. दवाखान्याची बाहेरची खोली बारा बाय चौदा, गादीचे सोफे, जाड पडदे. रात्री पावणेनऊ ते पावणेदहा असा तास रोज मोकळा. शेजारच्या इमारतीत आधी विचारून घेतलं, मग एका संध्याकाळी मित्राचा अ‍ॅम्प लावून मी बाहेर रस्त्यावर उभा राहिलो. मोबाइलमधल्या अ‍ॅपचे आकडे अचूक नसतात, पण दोन आकड्यांमधला फरक कळतो. खिडक्या बंद असताना रस्त्यावरच्या रहदारीपेक्षा गिटार वर येत नव्हती.

यानंतर कोड्याला आकार आला. कॅफे, जॅमरूम, दवाखाना, तिन्ही लहान ते मध्यम जागा. पंधरा ते पंचवीस वॉट पुरेसे. स्पीकर बारा इंची, कारण स्ट्रॅटोकास्टरचा पुलाजवळचा पिकअप आठ इंची स्पीकरवर फार टोचतो. स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगमधून येणारा घुमारा, आतच हवा. वजन एकट्याला जिना चढवता येईल एवढं. बजेट ६० हजार, ताणून ६५.

मधे एक फाटा फुटला. बेसवाल्याचा भाऊ न्यू जर्सीहून येणार होता, तिथून आणला तर बराच स्वस्त पडला असता. पण तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडच्या अ‍ॅम्पला इकडच्या भिंतीत सरळ खोचलं तर पहिल्याच सेकंदाला फ्यूज जाईल, नशीब वाईट असलं तर ट्रान्सफॉर्मरही. मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, लोक लावतातही. पण तो पुरेशा क्षमतेचा घ्यावा लागतो, तो तीन-चार किलोचा ठोकळा प्रत्येक गिगला वागवावा लागतो, आणि अंधारात घाईघाईत कोणीतरी प्लग थेट बोर्डात घालण्याची धास्ती कायम राहते. हा फाटा आम्ही तिथेच सोडला.

जॅमरूममधली संध्याकाळ

मार्चमध्ये तीन तास जॅमरूम घेतली. दुकानात बसून एकट्याने अ‍ॅम्प पारखण्यावर माझा विश्वास नाही. एकट्याला खर्ज भरलेला, गुबगुबीत आवाज आवडतो, आणि बँडमध्ये बेस सुरू झाला की नेमका तोच भाग बुडतो. म्हणून ड्रमर आणि बेसवाला दोघांनाही बोलावलं. तीन अ‍ॅम्प जमवले. पहिला फेंडर ब्लूज ज्युनियर, १५ वॉट, दोन ईएल८४ पॉवर ट्यूब, एक बारा इंची स्पीकर, वजन साधारण १४ किलो. तो सेकंडहँड विकाऊ होता. दुसरा फेंडर डीलक्स रिव्हर्ब, २२ वॉट, दोन ६व्ही६, एक बारा इंची, सुमारे १९ किलो. तो एका ओळखीच्या वादकाने प्रेमाने आणला होता, विकायला नव्हे. नवा घ्यायचा तर बजेटच्या पार बाहेर, पण कानाला माप म्हणून तो हवाच होता. तिसरा जॅमरूमचाच बॉस कटाना, ५० वॉट, ट्यूब एकही नाही, ट्यूबच्या आवाजाची सगळी डिजिटल नक्कल (मॉडेलिंग) आणि मागे सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टर.

तिसऱ्याला ठेवायचं की नाही यावर मावसभावाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, ब्लूज म्हणजे ट्यूबच. मी त्याला ब्लूजचे थोर गिटारवादक बी. बी. किंग यांची आठवण करून दिली. त्यांनी वर्षानुवर्षं लॅब सीरिज एल५ वापरला आणि तो चक्क ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प. त्यांना फुटका आवाज फारसा नकोच होता. त्यांना हवा होता गाता, स्वच्छ, भरलेला सूर, आणि उरलेलं सगळं त्यांच्या डाव्या हाताच्या कंपनात होतं. ज्याला स्वच्छ ब्लूज वाजवायचा आहे त्याने ट्यूबच्या नावाखाली दुप्पट पैसे घालवू नयेत, हे मी आजही ठामपणे सांगेन.

पद्धत साधी ठेवली. गिटार एक, केबल एक, पेडल शून्य. पिक एकच. प्रत्येक अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवला. अ‍ॅम्प जमिनीवर असला की आवाज वादकाच्या पोटऱ्यांवर जातो. त्याला टोचणारा भाग ऐकूच येत नाही, मग तो ट्रेबल, म्हणजे टिपेच्या सुरांचा नॉब, वाढवत जातो आणि पहिल्या रांगेतली माणसं कान चोळतात. आधी ड्रम्स आणि बेस संथ बारा-बारवर, म्हणजे ब्लूजच्या बारा खंडांच्या आवर्तनावर, सुरू, मग अ‍ॅम्प त्यांच्याबरोबरीला येईल एवढाच वर. त्या पातळीवर तीन गोष्टी बघायच्या होत्या. गिटारचा व्हॉल्यूम दहावर असताना जड हाताने आवाज फुटतो का. तोच व्हॉल्यूम सहावर आणला की स्वच्छ होतो का, आणि स्वच्छ होताना जीव तर जात नाही ना. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा सूर पूर्ण स्वराने ओढून धरला तर किती टिकतो.

डीलक्स रिव्हर्बने पहिल्या दोन मिनिटांतच सगळ्यांना गप्प केलं. याच्या पॉवर सप्लायमध्ये रेक्टिफायरसुद्धा (एसी विजेची डीसी करणारा भाग) ट्यूबचा आहे. जोरात वाजवलं की व्होल्टेज क्षणभर झुकतं, आवाज आधी थोडा खाली बसतो आणि मग फुलतो. संथ ब्लूजमध्ये ते ऐकणं हे सुख आहे. व्हॉल्यूम चारपर्यंत स्वच्छ, पाचच्या पुढे तो हळूहळू दाट होत गेला. याला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा आवाज वेगळा कमी करणारा नॉब, नाही, म्हणजे फुटण्यासाठी तेवढा मोठा करावाच लागतो. ड्रमर म्हणाला, कॅफेत हा काठावर आहे, चालेल.

कटानाने मला चकित केलं. पॉवर अर्ध्या वॉटवर आणून क्रंच, म्हणजे किंचित फुटका आवाज, लावला आणि ड्रम्स थांबवले, तर त्या कमी आवाजात तो तिघांत सरस वाटला. ड्रम्स सुरू झाल्यावर पूर्ण पॉवरवरही दमला नाही. पण गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणताना आवाज लहान होत होता आणि स्वभाव जवळपास तोच राहत होता. मावसभावाचा हात आणि आवाज यांच्यामध्ये एक पातळ काच आल्यासारखं झालं. अर्थात हे त्याच्या हाताबद्दल आणि त्या दिवशीच्या सेटिंगबद्दल आहे. घरी वाजवणाऱ्या विद्यार्थ्याने मला विचारलं तर मी याच प्रकारचा अ‍ॅम्प सुचवतो.

ब्लूज ज्युनियर पहिल्यांदा लावला तेव्हा कोणालाच फारसा रुचला नाही. लहान पेटीतून बोलल्यासारखा. मग लक्षात आलं, मास्टर तीनवर आणि व्हॉल्यूम आठवर होता. म्हणजे सगळी खरखर प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, बारीक ट्यूबमधून येत होती आणि पॉवर ट्यूब आरामात बसल्या होत्या. मास्टर पूर्ण उघडला, व्हॉल्यूम साडेचारवर आणला, बेस, म्हणजे खर्जाचा नॉब, कमी केला, मिडल, म्हणजे मधल्या सुरांचा, वाढवला. ड्रमरने चार मोजले. पहिल्या बारच्या शेवटी मावसभावाने तो पाव स्वर ओढलेला 'सी' सोडला आणि बेसवाला हसला. हलका हात स्वच्छ, जड हात फुटका, आणि ड्रम्सच्या बरोबर त्याच पातळीवर. डीलक्सची खोली त्यात नव्हती. जोरात वाजवल्यावरचं ते फुलणंही नव्हतं, कारण यात रेक्टिफायर ट्यूबचा नाही, डायोडचा आहे. पण फुटण्याची सीमा त्यांच्या बँडच्या आवाजावर अचूक पडत होती.

मी खोलीच्या कोपऱ्यात जाऊन डोळे मिटून ऐकलं. त्यांच्याकडे पाठ फिरवून तिन्ही अ‍ॅम्प पुन्हा एकदा वाजवून घेतले. डीलक्स ओळखता आला, दर वेळी. पण बँडच्या गोंधळात मावसभाऊ सर्वांत मोकळा वाजत होता तो पंधरा वॉटवर.

तो विचारात पडला. डीलक्ससाठी आणखी वर्षभर थांबावं का? मी सांगितलं, थांबायला हरकत नाही. पण वर्षातले बारा शनिवार कीबोर्डच्या अ‍ॅम्पवर जातील. त्याने दोन दिवस घेतले आणि पंधरा वॉटचा ठरवला. सौदा ४८ हजारांत झाला.

उरलेल्या पैशांतले काही लगेच खर्च करायचे, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. जुना ट्यूब अ‍ॅम्प घेतला की तो एकदा जाणकाराने उघडून पाहिला पाहिजे. स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे-साडेतीनशे व्होल्ट राहू शकतात, ते जिवावर बेतणारं आहे. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारत विचारत आम्ही एका वयस्कर कारागिरांपर्यंत पोचलो. त्यांनी उमेदीत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले. गिटारचा अ‍ॅम्प त्यांनी फारसा पाहिला नव्हता, पण मागचं झाकण काढताच म्हणाले, "ही तर ईएल८४. आमच्या रेडिओग्रॅममधली." आधी कपॅसिटर रिकामे केले, मग व्होल्टेज मोजली. एक पॉवर ट्यूब दुसरीपेक्षा बरीच थकलेली निघाली. दोन्ही जोडीनेच बदलायच्या, एक नवी एक जुनी ठेवायची नाही, हे त्यांनी आम्हाला न विचारताच सांगितलं. जुळवलेली जोडी ऑनलाइन मागवली. रिव्हर्बच्या टाकीची एक सैल केबल त्यांनी नीट बसवून दिली. निघताना बजावलं, स्पीकरची वायर सुटलेली असताना चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल.

पुढचे महिने

पहिल्या गिगला आवाज घोगरा झाला. कारण शोधायला वेळ लागला नाही. दवाखान्यात रात्री हळू वाजवून त्याने बेस सातवर नेला होता. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून माणूस बेस वाढवतो. तेच सेटिंग गिगला मोठ्याने लावलं की खर्ज अंगावर येतो. त्या रात्री मध्यंतरात बेस तीनवर आणला, अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला, आणि दुसऱ्या भागात गिटार गायकाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

मेमध्ये त्याला स्पीकर बदलण्याची हुक्की आली. मी विनंती केली, अजून तीन गिग थांब. नवा स्पीकर फार मोठा फरक करू शकतो. ९७ डेसिबल क्षमतेच्या जागी १०० डेसिबलचा बसवला तर अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखं होतं. पण आमचा सगळा खटाटोप फुटण्याची सीमा योग्य आवाजावर आणण्यासाठी होता, आणि जास्त क्षमतेचा स्पीकर तीच सीमा पुन्हा वर ढकलणार होता. तीन गिगनंतर त्याने तो विषय काढला नाही.

माझा एक अंदाज मात्र चुकला. जूनच्या आधी एका महाविद्यालयाच्या मोकळ्या पटांगणात त्यांचा कार्यक्रम होता आणि मी म्हटलं होतं, पंधरा वॉट पुरतील. पुरले नाहीत. भिंती नसल्या की आवाज परतून येत नाही, आणि कॅफेत अंगावर येणारा अ‍ॅम्प तिथे दहा पावलांवर विरून गेला. मावसभाऊ व्हॉल्यूम वाढवत गेला, आवाज फक्त जास्त फुटत गेला, मोठा झाला नाही. दुसऱ्या गाण्यानंतर साउंडवाल्याने स्पीकरच्या कडेपासून थोडा आत, जाळीला जवळजवळ टेकवून एक एसएम५७ माइक लावला आणि गिटार पीएमध्ये घेतली. व्हॉल्यूम पुन्हा साडेचारवर. मग मागच्या रांगेपर्यंत तोच आवाज पोचला जो दवाखान्याच्या खोलीत तयार झाला होता. तेव्हापासून मोकळ्या जागेचा कार्यक्रम ठरवताना ते गिटारसाठी माइक आहे ना, हे आधी विचारून घेतात.

ओव्हरड्राइव्हचं पेडल अजून पायाशी असतं, पण त्याचा गेन, म्हणजे खरखरीचा नॉब, जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल, म्हणजे आवाजाचा नॉब, वर. सोलोच्या वेळी ते अ‍ॅम्पला थोडा धक्का देतं, फुटण्याचं काम अ‍ॅम्पच करतो. गिटारचा व्हॉल्यूम बहुतेक वेळ सहावर असतो. गायक ओळ संपवतो तेव्हा त्याची करंगळी नॉबवर जाते.

मागच्या महिन्यात मी कॅफेत गेलो तेव्हा साउंडचेक चालू होता. अ‍ॅम्प नेहमीप्रमाणे खुर्चीवर, मास्टर दहा, व्हॉल्यूम साडेचार, नॉबच्या शेजारी बारीक पांढऱ्या खुणा. माउथ ऑर्गनवाला मित्र आपला स्टँड उचलून अ‍ॅम्पच्या बाजूला सरकला. मावसभावाने विचारलं, "मोठा होतोय का? कमी करू?"

"नको," तो म्हणाला. "मला तिकडून नीट ऐकू येत नव्हता."